विश्लेषण : राजूरपासून मानवी हक्क आयोग किती दूर? तक्रार कोणाकडे, किती दिवसांत आणि पुढे काय होते?

पोलिसांनी विनाकारण डांबून ठेवले, सरकारी दवाखान्यात उपचार नाकारले, आश्रमशाळेत मूल आजारी पडले आणि घरच्यांना कळवलेच नाही... अशा वेळी गावात कोणीतरी हमखास म्हणते, ‘मानवी हक्क आयोगात जा’. पण जायचे कुठे? अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर हे आदिवासी पट्ट्यातले मोठे बाजाराचे गाव. इथे पोलीस ठाणे आहे, आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे. मानवी हक्क आयोगाचे कार्यालय मात्र इथे नाही, अकोल्यात नाही आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही नाही. राज्याचा आयोग एकच आणि तो मुंबईत. हे अंतर किलोमीटरमध्ये दीडशेहून जास्त भरते. पण आयोगापर्यंत पोहोचण्यातला खरा अडथळा रस्त्याचा नाही, मुदतीचा आणि कागदाचा आहे.

राजूरसाठी हा विषय का महत्त्वाचा?

कळसूबाई, भंडारदरा, हरिश्चंद्रगड या डोंगररांगांमधल्या वाड्या-पाड्यांवर प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. या भागातील माणसाचे सरकारशी नाते शहरातल्या माणसापेक्षा जास्त घट्ट आहे. मुलांचे शिक्षण, त्यांचा निवास आणि दोन वेळचे जेवण आश्रमशाळेत. आजारपणात आधार सरकारी दवाखान्याचा. रेशन, वनहक्काचा दावा, जातीचा दाखला या सगळ्यांसाठी सरकारी टेबल. जिथे सरकारवर इतके अवलंबून राहावे लागते, तिथे सरकारी यंत्रणेचे दुर्लक्ष थेट जगण्यावर येते.

नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाच्या यंत्रणेतील राजूर प्रकल्प कार्यालयाकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील आश्रमशाळा आणि वसतिगृहांची जबाबदारी आहे. भातकापणी आटोपली की अकोल्याच्या पश्चिम भागातील अनेक कुटुंबे नारायणगाव, जुन्नर परिसरात मजुरीसाठी जातात. मुले मागे आश्रमशाळेत राहतात. म्हणजे त्या काळात मुलाचा पालक एका अर्थाने सरकारच असतो. म्हणूनच तिथे काही घडले तर ते केवळ शाळेचे प्रकरण राहत नाही, मानवी हक्कांचा प्रश्न होतो.

आयोग आहे तरी काय आणि त्यात कोण असते?

संसदेने केलेला मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ हा या सगळ्याचा पाया. याच कायद्याखाली ऑक्टोबर १९९३ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. महाराष्ट्राचा राज्य आयोग २००१ मध्ये प्रत्यक्ष कामाला लागला. त्याचे कार्यालय मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, हजारीमल सोमाणी मार्गावर आहे.

राज्य आयोगात एक अध्यक्ष आणि दोन सदस्य असतात. पूर्वी केवळ उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्तीच अध्यक्ष होऊ शकत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उच्च न्यायालयाच्या कोणत्याही माजी न्यायमूर्तींची नेमणूक करता येते. त्याच दुरुस्तीने पाच वर्षांचा कार्यकाळ तीन वर्षांवर आणला. थोडक्यात, सव्वाअकरा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या राज्यासाठी तीन जणांचे हे मंडळ आहे. त्यातही जागा रिकाम्या राहतात. २०१८ मध्ये रिकामे झालेले महाराष्ट्राचे अध्यक्षपद दीर्घकाळ भरले गेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, जुलै २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात, राज्य आयोगांमधील रिक्त पदे वेळेत भरण्याचे आदेश दिले होते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्कसारख्या शहरांचे स्वतःचे मानवी हक्क आयोग आहेत. भारतीय कायद्यात मात्र राज्याच्या खाली आयोगाची तरतूद नाही. जिल्हा किंवा तालुका ‘मानवी हक्क आयोग’ अशी कोणतीही सरकारी संस्था अस्तित्वात नाही.

कोणत्या तक्रारी आयोगाच्या कक्षेत येतात?

कायद्याने मानवी हक्कांची व्याख्या जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा या चार शब्दांभोवती केली आहे. राज्यघटनेने हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत असलेले आणि भारतातील न्यायालयांत बजावता येणारे हक्क त्यात येतात. पोलीस, तुरुंग, आरोग्य, शिक्षण असे राज्याच्या किंवा समवर्ती सूचीतील विषय राज्य आयोगाला पाहता येतात.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, तक्रार सरकारी सेवकाच्या वागण्याबद्दल असावी लागते. दोन भावांमधला बांधाचा वाद, उधारीचे भांडण, नोकरीतील बढती-बदली हे विषय आयोग सर्वसाधारणपणे घेत नाही. न्यायालयात सुरू असलेल्या प्रकरणातही तो पडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सरकारी सेवकाने स्वतः अत्याचार केला तरच तक्रार होते असे नाही. हक्कभंग रोखण्यात त्याने हयगय केली, तर तीही तक्रार होऊ शकते. अनुदानित आश्रमशाळेचे उदाहरण घेऊ. ती खासगी संस्था चालवते, त्यामुळे ‘आमचा संबंध नाही’ असे सरकारी कार्यालय म्हणू शकते का? अनुदान आणि तपासणी आदिवासी विकास विभागाकडे असते. तपासणी झाली नाही किंवा त्रुटी दिसूनही काही केले नाही, तर प्रश्न सरकारी हयगयीचा होतो. तक्रारीत नेमके हेच मांडावे लागते.

आश्रमशाळांबाबत मानवी हक्क आयोगाने आजवर काय केले?

राज्यात सुमारे ५०० शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. दहा वर्षांत या शाळांमधील ७०० हून अधिक विद्यार्थ्यांचा मृत्यू झाल्याच्या बातम्या २०१६ मध्ये आल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला नोटीस बजावली. त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघड झाले होते आणि राज्यभर संताप होता. आश्रमशाळांतील मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी राज्यपालांच्या सूचनेवरून माजी आरोग्य महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली.

तक्रारदार नसतानाही स्वतःहून दखल घेणे हे आयोगाचे महत्त्वाचे हत्यार आहे. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात राज्य आयोगाने मार्च २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाच्या आधारे पोलिसांना नोटिसा काढल्या. कोठडीतील मृत्यूंबाबत तर राष्ट्रीय आयोगाचा डिसेंबर १९९३ पासूनचा दंडक आहे : असा मृत्यू झाल्यास २४ तासांच्या आत आयोगाला कळवायचे.

पण स्वतःहून दखल घेण्यासाठी ती गोष्ट आधी मुंबई-दिल्लीपर्यंत पोहोचावी लागते, म्हणजे बातमी व्हावी लागते. डोंगरातल्या एखाद्या पाड्यावरच्या मुलाचा ताप अंगावर काढण्यात गेलेला आठवडा बातमी होतोच असे नाही. अशा प्रकरणात गावातून निघालेला अर्ज हाच एकमेव मार्ग उरतो.

एका वर्षाची अट नेमकी काय?

अधिनियमाच्या कलम ३६ नुसार, हक्कभंगाची घटना घडल्यापासून एक वर्ष उलटून गेले असेल तर आयोगाला त्या प्रकरणाची चौकशी करता येत नाही. ही अट केवळ कार्यालयीन सोय आहे, सबळ कारण दिले तर सूट मिळेल, असे अनेकांना वाटते. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये एन. सी. धौंडियाल प्रकरणात स्पष्ट केले की, ही मुदत आयोगाच्या अधिकाराचीच सीमा आहे. ती ओलांडली की आयोगाला चौकशीचा अधिकारच उरत नाही.

राजूर परिसरात ही अट कशी लागू होते ते पाहा. समजा, जुलैच्या पावसात आश्रमशाळेत एखाद्या मुलीचा मृत्यू झाला. सुरुवातीचे दिवस दुःखात आणि धावपळीत जातात. मग ‘चौकशी सुरू आहे’ असे कार्यालयातून सांगितले जाते. भातकापणी होते, कुटुंब मजुरीला बाहेर पडते. परत येते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. शवविच्छेदनाचा अहवाल मागायचा, दाखले जमवायचे, कोणाकडून तरी अर्ज लिहून घ्यायचा, यात पुढचा जुलै येतो. कोणी तक्रार दाबली नाही, कोणी धमकावले नाही, तरी दार बंद होते.

यावर उपाय एकच. सगळे कागद हातात येण्याची वाट न पाहता अर्ज आधी करायचा. घटना, तारीख, ठिकाण, संबंधित कार्यालय किंवा अधिकारी आणि काय घडले एवढे ठोस असेल तर अर्ज करता येतो. उरलेले कागद नंतर जोडता येतात. आयोग स्वतः सरकारकडून अहवाल मागवू शकतो.

तक्रार कशी करायची?

साधा कागद पुरतो. मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. स्टॅम्प नाही, शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. पीडित व्यक्तीच असायला हवी असेही नाही. तिच्या वतीने नातेवाईक, शिक्षक, सरपंच, कार्यकर्ता कोणीही अर्ज करू शकतो. निनावी, मोघम किंवा खोट्या नावाचे अर्ज मात्र सर्वसाधारणपणे बाजूला पडतात.

अर्ज टपालाने पाठवता येतो. राष्ट्रीय आयोगाचे ‘एचआरसीनेट’ हे ऑनलाइन पोर्टलही आहे आणि सामायिक सेवा केंद्रातून त्यावर तक्रार नोंदवता येते. मोबाइलवर नोंदवल्यास मिळणाऱ्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट आणि टपालाने पाठवल्यास रजिस्टर्ड पावती जपून ठेवावी. मुदतीत अर्ज केला होता, याचा तोच पुरावा.

एक चूक सर्रास होते. जोर वाढावा म्हणून एकाच वेळी दिल्ली, मुंबई आणि आणखी दोन-तीन आयोगांकडे अर्ज धाडले जातात. कलम ३६ नुसारच, एखादे प्रकरण राज्य आयोगाकडे किंवा कायद्याने स्थापन झालेल्या अन्य आयोगाकडे प्रलंबित असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात चौकशी करत नाही. परिणामी अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. एकच आयोग निवडून त्याचा पाठपुरावा करणे अधिक उपयोगाचे.

तक्रार दाखल झाल्यावर काय होते?

पहिली पायरी अहवालाची. आयोग संबंधित विभागाकडून ठरावीक मुदतीत माहिती मागवतो. ती आली नाही तर आयोग स्वतः चौकशी पुढे नेऊ शकतो. चौकशीत आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. साक्षीदाराला बोलावणे, शपथेवर जबाब घेणे, कागदपत्रे हजर करायला लावणे, दप्तर मागवणे हे सगळे त्यात येते. ज्या अधिकाऱ्यावर ठपका येऊ शकतो, त्यालाही म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते.

इथे तक्रारदाराच्या बाजूने एक कच्चा दुवा असतो. विभागाचा अहवाल बहुतेकदा त्याच विभागाच्या कनिष्ठ कार्यालयाने तयार केलेला असतो. मुंबईतून विचारणा होते, ती मंत्रालयातून आयुक्तालयात, तिथून प्रकल्प कार्यालयात उतरते आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच साखळीतून उत्तर वर जाते. त्या अहवालावर तक्रारदाराने मुद्देसूद उत्तर दिले नाही, तर आयोगासमोर एकच बाजू उरते. म्हणून आयोगाचे पत्र आले की ते पेटीत ठेवून चालत नाही. पत्ता आणि मोबाइल क्रमांक बदलला असेल तर तोही कळवायला हवा. मजुरीला बाहेरगावी असलेल्या कुटुंबाने गावात राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाचा पत्ता दिला तर पत्र परत जात नाही.

आयोगाचा आदेश सरकारवर बंधनकारक असतो का?

कायद्यातला शब्द ‘शिफारस’ असा आहे. नुकसानभरपाई द्या, दोषींवर खटला चालवा, पीडिताला तातडीची मदत द्या, अशा शिफारशी कलम १८ खाली आयोग करू शकतो. गरज पडल्यास तो उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातही जाऊ शकतो. सरकारने आपले म्हणणे आणि केलेली कारवाई साधारण एका महिन्यात आयोगाला कळवायची असते. मात्र कोणाला तुरुंगात टाकण्याचा किंवा निलंबित करण्याचा अधिकार आयोगाकडे नाही.

शिफारस म्हणजे नुसता सल्ला का, यावर न्यायालयांत बराच खल झाला आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, कलम १८ खालील राज्य आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारक आहे, असा निकाल दिला. तो निकाल महाराष्ट्राला आपोआप लागू होत नाही, पण इथल्या न्यायालयात त्याचा आधार घेता येतो. शिफारस मिळूनही भरपाई अडली, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उरतो.

गाडीवर ‘मानवाधिकार’ पाटी लावणाऱ्या संघटना म्हणजे आयोग का?

नाही. ट्रस्ट किंवा संस्था म्हणून नोंदणी केलेल्या अनेक संघटना नावात ‘मानवाधिकार’ शब्द वापरतात, तालुका अध्यक्ष नेमतात, ओळखपत्रे वाटतात. त्यातल्या काही प्रामाणिकपणे लोकांचे अर्ज लिहून देतात, सोबत पोलीस ठाण्यात जातात. ते काम मोलाचे आहे. पण नोंदणी झाली म्हणून त्यांना समन्स काढण्याचा, चौकशीचा किंवा अधिकाऱ्याला जाब विचारण्याचा कायदेशीर अधिकार मिळत नाही. आयोग तक्रारीसाठी पैसे घेत नाही आणि पैसे घेऊन ओळखपत्र तर मुळीच देत नाही. ‘आमच्याकडे तक्रार दिली म्हणजे आयोगात पोहोचली’ असे कोणी सांगितले, तर आयोगाचा नोंदणी क्रमांक मागावा. हा प्रश्न विचारला नाही आणि अर्ज कोणाच्या तरी कपाटात पडून राहिला, तरी वर्षाची मुदत थांबत नाही.

मग तालुक्यात दाद मागण्याची कोणती ठिकाणे आहेत?

आयोग दूर असला तरी काही दरवाजे जवळ आहेत. ते आयोगाला पर्याय नसले तरी त्यांनी केलेली नोंद पुढे आयोगासमोर कामी येते.

• तालुका विधी सेवा समिती : १९८७ च्या कायद्यानुसार अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्ती, महिला, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

• चाइल्डलाइन १०९८ : वसतिगृहातील किंवा आश्रमशाळेतील मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर सगळ्यात आधी इथे फोन.

• माहिती अधिकार : हजेरीपट, आरोग्य तपासणीची नोंद, तपासणी अहवाल यांच्या प्रती ३० दिवसांत. माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तासांत.

• राज्य बालहक्क संरक्षण आयोग : फक्त मुलांशी संबंधित प्रकरणांसाठी. मात्र आधी सांगितल्याप्रमाणे एकाच प्रकरणासाठी दोन आयोगांकडे धाव घेण्याआधी विचार करावा.

• ग्रामसभा : अकोले तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतींकडे असावा, असे हा कायदा सांगतो. शाळा आणि दवाखाना या त्याच संस्था.

यातली ग्रामसभा सर्वात कमी वापरली जाते. आश्रमशाळेत परिचारिका नाही, पाण्याची टाकी धुतली जात नाही, मुलींच्या वसतिगृहाला महिला अधीक्षक नाही, असा ठराव तारखेसह ग्रामसभेच्या इतिवृत्तात असेल आणि त्यानंतर काही अनर्थ घडला, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे कोणत्याही अधिकाऱ्याला म्हणता येत नाही. हयगय सिद्ध करायला याहून सरळ कागद दुसरा नाही. शिवाय हा कागद घटना घडल्यावर नव्हे, घडण्याआधी तयार होतो.

व्यवस्थेत काय बदलायला हवे?

राष्ट्रीय आयोगाच्या स्वायत्ततेवरही प्रश्न विचारले जात आहेत. जगभरातील मानवी हक्क संस्थांना दर्जा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे भारताच्या आयोगाचे पुनर्मानांकन लांबणीवर टाकले. चौकशीच्या कामात पोलीस अधिकाऱ्यांचा सहभाग आणि आयोगातील अपुरे सामाजिक वैविध्य हे त्यामागचे प्रमुख आक्षेप होते. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी जास्त, त्याच यंत्रणेतील माणसांनी तपास करायचा का, हा प्रश्न राजूरच्या तक्रारदारालाही लागू पडतो.

कायदा न बदलताही काही गोष्टी करता येतील. राष्ट्रीय आयोग राज्याराज्यांत जाऊन शिबिर सुनावण्या घेतो. त्याच धर्तीवर राज्य आयोगाची सुनावणी आदिवासी प्रकल्प कार्यालयांच्या ठिकाणी झाली, तर एका सुनावणीसाठी दोन दिवसांची मजुरी आणि मुंबईचे भाडे घालवावे लागणार नाही. प्रत्येक आश्रमशाळेच्या फलकावर प्रकल्प अधिकाऱ्याच्या क्रमांकाखाली आयोगाचा पत्ता आणि ‘एक वर्षाच्या आत’ हे तीन शब्द लिहायला तर निधीही लागत नाही.

आयोगाचा वार्षिक अहवाल आणि सरकारने कोणत्या शिफारशी का स्वीकारल्या नाहीत याची कारणे विधिमंडळासमोर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या तालुक्यातून किती तक्रारी गेल्या, किती मुदतीअभावी फेटाळल्या गेल्या आणि किती भरपाई प्रत्यक्ष हातात पडली, हे विचारण्याची जागा विधानसभा आहे. अकोले मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यामुळे हा प्रश्न तिथल्या आमदाराला विचारायला राजूरच्या मतदाराला मुंबईला जावे लागत नाही.